नोंद सतरावी

माणसांचं बोलणं मला सरळ ऐकूच येत नाही. समोरचा म्हणतो, “जरा बसतो,” आणि माझं डोकं त्यातलं क्रियापद उचलून त्याचा काळ तपासायला लागतं. बायको या खोडीला इतकी वैतागली होती की असेपर्यंत माझ्याशी मुद्दाम अर्धवट वाक्यांत बोलायची. एकतीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवल्यावर दुसरं काय होणार? विद्यार्थी पाठीमागे मला लिगाडे सर न म्हणता ‘रीतिभूतकाळ’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

म्हणून २०३७ साली पुण्याच्या डॉ. ऋजुता भागवत मला शोधत आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आल्या तेव्हा मला नवल वाटलं नाही. यांनी इतका उशीर का केला, एवढंच वाटलं.

त्यांच्या यंत्रणेचं नाव होतं ‘क्षितिज’. कल्पना साधी होती. माणूस किती पुढचं बघतोय ते त्याच्या बोलण्यात उतरतं. ज्याला पुढची तीन वर्षं दिसत असतात त्याची वाक्यं सहज तिथपर्यंत जाऊन येतात: “तिसऱ्या वर्षाला गेलो की”, “नोकरी लागली की”, “तोवर धाकटी दहावीला असेल.” ज्याचं मन उठलंय, किंवा ज्याच्या घरी त्याचं शिक्षण थांबवायचं घाटतंय, त्याची वाक्यं आखूड पडायला लागतात, आणि हे त्याला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी घडतं. क्रियापदांचे काळ, ‘उद्या’, ‘पुढच्या वर्षी’ असले शब्द, मधले थांबे, आवाजाचा चढउतार, या सगळ्यांतून यंत्र एकच आकडा काढायचं. त्या विद्यार्थ्याचं क्षितिज, महिन्यांमध्ये. कोणता मुलगा, कोणती मुलगी कॉलेज सोडणार, हे ते चार-पाच महिने आधी सांगायचं आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचं.

घोडं अडलं होतं ते मराठीपाशी. आतून “आलेच” असा आवाज येतो तेव्हा बाईच्या हातात अजून लाटणं असतं, पण यंत्र तो भूतकाळ धरून मोकळं व्हायचं. “चाललो” म्हणणारा पाहुणा पुढे अर्धा तास दारात उभं राहून बोलतो, हे त्याला माहीत नव्हतं. आणि “बघू” हा शब्द त्याला मोठा आशेचा वाटत होता. मराठी माणसाचं ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’, हे मी सांगितलं तेव्हा मॅडम खूप हसल्या आणि मग गंभीर होऊन लिहून घेऊ लागल्या. महिनाभर बसून आम्ही अशा एक्केचाळीस नोंदी केल्या. भांडण झालं ते फक्त सतराव्या नोंदीवर.

निघताना आपल्याकडे कोणी “जाते” म्हणत नाही. ते अशुभ. “येते” म्हणायचं. यंत्र प्रत्येक “येते” हे परत येण्याचं वचन धरत होतं, आणि मला ते पटेना.

“सर, एवढं एक राहू द्या ना,” मॅडम म्हणाल्या. “शब्द तोच असला तरी सूर बदलतो. कोण नुसतं रीत म्हणून बोलतंय आणि कोण मनापासून, ते यंत्राला ऐकू येतं.”

“मॅडम, निरोपाचं येते म्हणजे जाते. त्यात भविष्य शोधायला बसलात तर आख्खा तालुका तुमच्याकडे मुक्कामाला येतोय असं दिसेल.”

“पण सर, आकडे बघा तरी—”

“एकोणतीस वर्षं हेच शिकवतोय मी.”

त्यांनी आकड्यांचा कागद बाजूला ठेवला. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होत्या. नोंद झाली: ‘सतरा. निरोपाचे येतो, येते. अर्थ: जातो, जाते. क्षितिजासाठी मूल्य शून्य.’ त्यांच्या शोधनिबंधाच्या शेवटी माझे आभार छापून आले. ते पान मी लॅमिनेट करून घेतलं आणि स्टाफरूममध्ये ज्याला त्याला दाखवलं.

पुढच्या वर्षी, जुलै २०३८ मध्ये, क्षितिज आमच्याच कॉलेजात लागलं.

पदवीला मधेच बाहेर पडायची दारं बऱ्याच वर्षांपासून होती. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. कोण कुठल्या दाराने बाहेर पडणार हे पूर्वी ज्याचं त्याने ठरवायचं, आता ते पहिल्या सहा आठवड्यांतच ठरू लागलं. आम्हा प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-वीस मुलं दिलेली असायची. कागदोपत्री आम्ही त्यांचे ‘पालक प्राध्यापक’. प्रत्येक मुलाबरोबर चार बैठका घ्यायच्या, टेबलावर मायक्रोफोन ठेवायचा, काय शिकायचंय, घरी काय बेत आहे ते विचारायचं. चौथ्या बैठकीनंतर आकडा यायचा. बारा महिन्यांच्या आतलं क्षितिज असेल तर एकवर्षीय आराखडा: लगेच कामाला येईल असं थोडंथोडं शिकवायचं आणि वर्षअखेर प्रमाणपत्र हातात द्यायचं. मोठ्या प्रयोगशाळेतल्या जागा, वसतिगृहातल्या खोल्या लांबच्या क्षितिजवाल्यांना.

यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. पूर्वी मुलं मधेच गळायची आणि हाताला काहीच लागायचं नाही. आता गळतीचा रकानाच रिकामा राहू लागला, कारण जे जाणार होते ते ‘अभ्यासक्रम पूर्ण करून’ जाणार होते. प्राचार्य खूश होते.

माझ्या वीसमध्ये प्रांजल मुळीक होती. विट्याच्या बाजूच्या घाटमाथ्यावरच्या गावातून रोज एसटीने यायची. सडपातळ, केसांची एक घट्ट वेणी, आणि बोलताना वहीच्या कोपऱ्याला अंगठ्याने दुमड घालायची सवय. बारावीला रसायनशास्त्रात तालुक्यात पहिली आली होती, हे मला तिच्या अर्जावरून कळलं. ती स्वतः बोलली नाही.

“रसायनशास्त्रच का?” पहिल्या बैठकीत मी विचारलं.

“पप्पांचं गलाईचं दुकान आहे, सर. करूरला, तमिळनाडूत.”

त्या भागातली निम्मी घरं या धंद्यात आहेत. सोन्याचांदीच्या मोडीतून शुद्ध धातू गाळून द्यायचा, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं परमुलखात राहायचं.

“मग तू तिकडेच होतीस?”

“चौथीपर्यंत. दुकानात बसायचे मी. सोनं आम्लात टाकलं की दिसेनासंच व्हायचं, सर. नुसतं पिवळं पाणी. मला रडू यायचं. मग पप्पा त्यात दुसरं काहीतरी घालायचे आणि ते परत खाली बसायचं.”

चारही बैठकांतलं तिचं हे सगळ्यात मोठं बोलणं. सगळं भूतकाळातलं आहे, हे मला तेव्हाच जाणवलं.

“पुढे काय करायचं ठरवलंयस?”

“बघू, सर.”

“पदवी करायचीय? एम.एस्सी.?”

“तुम्ही सांगाल तसं.”

पुढच्या तिन्ही बैठका अशाच. “बरं, सर.” “बघू.” “घरी विचारावं लागतं.” वीस मिनिटं संपली की मी पडद्याकडे वळून पुढच्या मुलाचा अर्ज उघडायचो, आणि ती उठायची.

चौथ्या बैठकीनंतर आकडा आला. क्षितिज: पाच महिने.

मी आराखड्यावर सही केली आणि तिला बोलावून दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

“सर, यात मोठी लॅब नाही?”

“एकवर्षीयला नसते.”

“बरं.”

“चालेल ना तुला?”

“चालेल, सर.”

‘चालेल’ हे रूप भविष्यकाळाचं दिसलं तरी ती नुसती संमती असते. तेविसावी नोंद, माझीच. तिच्या आराखड्याची एक प्रत त्याच दुपारी तिच्या वडिलांच्या फोनवर गेली.

फेब्रुवारीत प्रांजल यायची थांबली. दोन आठवडे हजेरीत तिच्यापुढे रेघ दिसत होती, आणि मी फोन करीन करीन म्हणत राहिलो. तिसऱ्या सोमवारी दुपारी मी डबा खात असताना पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. खाली ओळ होती: ‘विवाहामुळे शिक्षण थांबवत असल्याचे पालकांनी कळवले. अंदाज खरा ठरला.’

बाजूला आमचे पदार्थविज्ञानाचे कुंभार सर बसले होते. ते म्हणाले, “बघा लिगाडे, बरोब्बर सांगितलं की हो तुमच्या यंत्रानं.”

मी मान हलवली. पण ती खूण हिरवी का असावी, हे काही मला गिळवेना. मुलगी गेली आणि आमचं बरोबर आलं. डबा झाकून मी माझ्या खोलीत गेलो आणि तिच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं काढली. काय शोधतोय ते मलाही नीट माहीत नव्हतं.

पहिल्या बैठकीच्या शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग दाराजवळून तिचा आवाज: “येते, सर.”

त्यानंतर काहीच नाही. फक्त माझ्या कीबोर्डची टकटक. आणि चार सेकंदांनी तिची पावलं.

दुसऱ्या बैठकीत “येते, सर,” आणि सहा सेकंद. तिसऱ्या बैठकीत सात. चौथ्या बैठकीत अकरा सेकंद ती दारात उभी होती.

मी इतर मुलांची मुद्रणं लावून बघितली. ती “येतो सर” म्हणतात तेव्हा आवाज दाराबाहेर पोचलेला असतो, उत्तराची वाट कोणी बघत नाही. हिने वाट बघितली होती. कशाची, ते कळायला व्याकरण लागत नाही. “येते” म्हणणाऱ्याला आपल्याकडे मोठ्या माणसाने “ये” म्हणायचं असतं. माझ्या आईने कधी चुकवलं नाही, बायकोने चुकवलं नाही. आणि मी, त्या शब्दाची किंमत शून्य ठरवून बसलेला माणूस, टाइप करत होतो.

चाचणीसाठी नोंदी बदलून बघायची परवानगी मला होती. मी सतरावी नोंद काढली आणि प्रांजलचा आकडा पुन्हा काढायला सांगितला. यंत्राला तिचा सूर आता ऐकू आला. क्षितिज: एकोणचाळीस महिने.

तीन वर्षं आणि वर तीन महिने. मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण अशी आणखी किती मुलं असतील ते मला मोजता येणार होतं.

ऋजुता मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नोंद काढून टाका, मॅडम. आजच.”

“सर, आता एकट्यानं काढता येत नाही. राज्यभर लागलंय ते. आणि या वर्षीच्या निकालांवर पुढच्या वर्षीचं यंत्र शिकवणं सुरू आहे.”

“म्हणजे काय?”

“प्रांजल गेली ना? यंत्राच्या लेखी पाच महिने बरोबर होते. तिच्यासारखी मुलगी पुढच्या वर्षी आली तर ते आणखी खात्रीनं पाच सांगेल.”

“अहो, पण ती आपण पाच लिहिलं म्हणून गेली असेल.”

“ते मोजायची सोय नाही, सर.” मग त्या म्हणाल्या, “मी तेव्हा तुमच्याशी आणखी भांडायला हवं होतं.”

रविवारी मी मुळीकांच्या गावी गेलो. प्राचार्यांकडून पत्र घेतलं होतं: आराखडा बदलून तीन वर्षांचा करता येईल, मोठ्या प्रयोगशाळेत जागा देऊ. एसटीत ते मी चार वेळा वाचलं. 

दारात मांडवाचे बांबू पडलेले होते. लग्न आठ दिवसांवर आलेलं. प्रांजलचे वडील, नितीनराव, करूरहून आले होते. रुंद हातांचा, हळू बोलणारा माणूस. आम्लाने बोटांची कातडी ठिकठिकाणी पांढरी पडलेली. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले. मी कितीदा म्हटलं तरी वर बसेनात. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते सावकाश वाचलं.

“मग आदी एक वर्षाचं कसं काय लिवून दिलं, सर?”

“चूक झाली. माझी चूक झाली.”

ते पत्राकडेच बघत राहिले. “पाव्हणं दोन वर्षं मागं लागलं व्हतं. मी शबूद दिला न्हवता कुणाला. पोरगी शिकतीया म्हनायचो. मग तुमचा कागद आला फोनवर. म्हटलं, सरांनी चार-चार येळा बसवून, जोखून बघितलंय. तिलाच नको असंल शिकायला, आमच्यापाशी बोलत नसंल. मग दिला शबूद.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“अजून थांबवता येईल,” मी म्हणालो.

“पत्रिका वाटून झाल्या सर. पोराच्या घरच्यांनी तिकडं करूरलाच खोली बघितली. आता माघार घेतली तर नाव तिचंच खराब हुईल.”

प्रांजल चहा घेऊन आली. मी उभा राहिलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. तिनं कप माझ्या हातात दिला.

“बाळ, तू मला सांगितलं का नाहीस? तीन वर्षं शिकायचंय, एवढंच म्हणायचं होतं.”

ती आईकडे बघायला लागली. आई, शुभांगीताई, आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

“आमच्यात ठरायच्या आदी बोलून दावत न्हाईत, सर,” त्या म्हणाल्या. “मीच शिकवलंय दोघी पोरींना. मी ल्हान असताना आख्ख्या गल्लीला सांगत सुटले व्हते, नर्स हुनार म्हनून. कुठं झाले? बोललं की दृष्ट लागती. मनात ठिवायचं.”

“त्या माइकसमोर तर नकोच वाटायचं,” प्रांजल म्हणाली. “मी ठरवून यायचे सर. बैठक संपली, सगळं बंद झालं, की निघताना तुम्ही ‘ये’ म्हणाल. मग दारात उभ्या उभ्या हळूच सांगायचं. चारही वेळा ठरवलं होतं.” तिनं पदराचा कोपरा अंगठ्याने दुमडला. “तुम्ही कामात होता.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात मला रडायचा काही हक्क नव्हता, तरी आलं. नितीनराव उठून बाहेर मांडवाकडे गेले. चहा निवला.

“सर, एक करा,” प्रांजल म्हणाली. “आमची धाकटी, ईश्वरी, जूनमध्ये अकरावीला जाईल. आता अकरावीपासूनच लावणार आहेत ना ते यंत्र?”

“हो.”

“मग तिला बोलायला शिकवा. त्याला जसं लागतं तसं.”

ईश्वरी दाराआडून ऐकत होती. पंधरा वर्षांची, ताईपेक्षा गोल चेहऱ्याची. तिला ओढून आणून प्रांजलने माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः आतल्या खोलीत निघून गेली. तिथे नव्या साड्या पसरलेल्या होत्या, त्या ती घड्या करून पेटीत भरत होती. दार उघडंच होतं.

एकतीस वर्षांत हजारो मुलांना मी भविष्यकाळ शिकवला. इतका अवघड कधी वाटला नव्हता.

“काय शिकायचंय तुला?” मी विचारलं.

“बघू,” ईश्वरी म्हणाली.

“बघू म्हणायचं नाही. म्हण, मी शिकेन.”

ती आईकडे बघत पुटपुटली, “मी शिकीन.”

शिकेन, असं माझ्या तोंडात आलं होतं. मी ते आवरलं. “छान. अजून मोठ्यानं. मी तीन वर्षं शिकेन. मी पदवी घेईन.”

तिने सतरंजीचा काठ घट्ट धरला. आईच्या शिकवणुकीविरुद्ध आईसमोरच बोलायचं होतं. शुभांगीताईंनी चौकट सोडली, पुढे येऊन तिच्याशेजारी खाली बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“म्हन बाळा,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं म्हन. लागू दे काय दृष्ट लागायची ती.”

“मी शिकीन,” ईश्वरी म्हणाली. या वेळी बाहेर मांडवापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण बांबू ठोकायचा आवाज थांबला.

मग मी सगळी रूपं घेतली, वर्गात घेतो तशी. मी एक म्हणायचं आणि तिने मागून म्हणायचं. मी शिकेन. आम्ही शिकू. तू शिकशील. तुम्ही शिकाल. ती शिकेल. दुसऱ्या फेरीला ईश्वरीच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळतोय असं वाटलं. मी न थांबता तिसरी फेरी घेतली आणि कान आतल्या खोलीकडे लावला. प्रांजल साड्यांच्या घड्या घालता घालता आमच्यासोबत म्हणत होती. मी शिकेन, आम्ही शिकू, या दोन ओळींना ती गप्प राहायची. तिचा आवाज यायचा तो ‘तू शिकशील’पासून.